पडायला शिकण्याचा हिवाळा

युसुफभाई पिंजारी परवा सकाळी दारात आले. कापूस घरोघरी येऊन पडला, अंगणातल्या नळाचं पाणी बोटांना चावायला लागलं, की ते येतात. हातगाडीवर पिंजायचं मशीन, डोक्याला रुमाल, भुवयांवर कापसाचे तंतू. "भाऊ, यंदा गाद्या काढायच्या का?" त्यांनी विचारलं आणि अर्ध्यातच आवाज खाली घेतला. हा प्रश्न त्यांनी मला आजवर कधी विचारलाच नव्हता. तो शालिनीला विचारायचा प्रश्न होता. शालिनी, माझी बायको, आषाढात गेली.

मी म्हणालो, "कोणत्या गाद्या?"

आमच्या घरात दोन प्रकारच्या गाद्या आहेत. झोपायच्या आणि पडायच्या. दोन्ही युसुफभाईंच्याच हातच्या, त्यामुळे त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. "त्या चार," पडवीकडे हात करून ते म्हणाले. "पडायच्या. उकलून पलंगाच्या दोन मऊ करून देतो. चांगला कापूस आहे भाऊ, भाभींच्या शेतातला. आता तो तसा दाबून ठेवून काय करायचं?"

मी दोन दिवस मागितले.

"घ्या की," ते म्हणाले. "कापूस काय पळून जातो का?" आणि हातगाडी ढकलत पुढच्या गल्लीत गेले. थोड्या वेळानं त्यांच्या मशीनची घरघर तिकडून ऐकू येऊ लागली.

त्या चार गाद्यांपुढे बसून मी हे लिहितो आहे. मला भराभर लिहिता येत नाही. पूर्वीही येत नव्हतं, आता तर एकेक वाक्य विहिरीतून पोहरा ओढावा तसं वर येतं.

चोपड्याचा हिवाळा मला वासानं कळतो. सकाळी सातपुड्याची रेघ निळी दिसते, केळीच्या बागांतून ओला गारवा वाटेवर येऊन थांबतो, आणि संध्याकाळी कुठल्याही गल्लीतून जा, पऱ्हाटीच्या जाळावर भाजत असलेल्या वांग्यांचा धूर नाकात शिरतो. कापूस वेचून झालेल्या झाडांच्या त्या वाळक्या काड्या तडतडत जळतात. पातीचा कांदा, हिरवी मिरची, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. सगळ्यांचा हिवाळा असाच असेल. माझ्या हिवाळ्यात आणखी एक वास आहे, घामानं भिजलेल्या मांजरपाटाचा. आणि एक आवाज आहे. तळहात गादीवर सपकन आपटल्याचा.

चार वर्षांपूर्वी दिवाळीच्या थोडं आधी शालिनी शेतातून परत येत होती. आमचं शेत गावापासून दोन किलोमीटरवर आहे, वाट पाटाच्या काठाकाठानं जाते. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला. शेती मला कधी कळली नाही. आमच्या वाट्याची साडेतीन एकर तिनंच केली, निम्मी केळी, निम्मा कापूस. रोज सकाळी ती जायची, ऊन उतरताना यायची. त्या दिवशी मोटारसायकलवरून दोघं आले आणि त्यांनी गाडी आडवी लावली. एकानं तिचा हात धरला. तिनं हिसका दिला, आणि त्या हिसक्यानं तीच पाटाच्या उतारावर पडली. पलीकडून ट्रॅक्टरचा आवाज आला तसे ते निघून गेले. जाताना हसले.

तोंडाला रुमाल होते, गाडीचा नंबर तिला दिसला नव्हता. पोलिसांत जाऊन तेवढंच सांगून आलो. घरी आल्यावर ती बराच वेळ न्हाणीत पाय धूत बसली होती. मग म्हणाली, "हात धरल्याचं नाही हो. पडले आणि उठताच येईना. पदर पायात, पाय चिखलात. ते हसत उभे आणि मी कासवासारखी उताणी."

दुसऱ्या दिवशी माझे थोरले भाऊ, नाना, ओट्यावर येऊन बसले. नाना वाईट माणूस नाहीत. त्यांना आपल्या माणसांची काळजी वाटते, आणि काळजी वाटली की ते घराच्या कड्या लावायला सांगतात. "वावर बटाईले दी टाक," ते आमच्या घरच्या बोलीत मला म्हणाले. "बाईमानूसले एकलं धाडाना दिन नही ऱ्हायनात आते."

मी मान खाली घालून ऐकत होतो. खरं सांगायचं तर मलाही ते पटत होतं. अर्ध्या वाट्यानं कोणाला तरी शेत करायला द्यावं, तिनं घरी बसावं, मला ग्रंथालयात बसून घड्याळाकडे पाहावं लागू नये.

आमच्याकडे धाकट्या भावाची बायको जेठापुढे तोंड उघडून बोलत नाही. डोक्यावर पदर घेते, बोलायचंच असलं तर नवऱ्याला मध्ये घालून बोलते. शालिनीनं अठ्ठावीस वर्षं ते पाळलं. त्या दिवशीही स्वयंपाकघरातून आवाज आला तो मलाच उद्देशून. "त्यासले सांगा. वावर मन्हं शे. वाट बी मन्हीच शे. मी जासू."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी निरोप पोचवायची गरज नव्हती.

ती जायला लागली. पण पहिला आठवडा तिच्या चालण्यात काहीतरी वेगळं होतं. मी दोनतीनदा लपून तिच्या मागे गेलो, ते तिला कळलंही. पाटाच्या त्या वळणावर आली की ती थबकायची, हातातला विळा घट्ट धरायची आणि पुढे जवळजवळ पळत जायची. घरी आल्यावर म्हणाली, "अशी जाणार असेन तर नानांचं ऐकलेलं काय वाईट? वाट माझी म्हणायची आणि चोरासारखं पळायचं. मला शिकायचंय."

"काय?"

"ते मला काय माहीत? तुम्ही ग्रंथालयवाले ना? शोधा."

मी माझ्या परीनं शोधलं, म्हणजे पुस्तक आणलं. स्वसंरक्षणाचं जुनं पुस्तक होतं, आकृत्यांसह. संध्याकाळी मी वाचायचो आणि ती भाकरी थापता थापता ऐकायची. "आकृती क्रमांक चौदा. हल्लेखोराने उजवा हात पुढे केला असता..." ती म्हणाली, "अहो, तो हल्लेखोर आकृतीत उभा राहिलाय. खऱ्यात राहील का?" नाशिकला दिलेल्या आमच्या मुलीनं फोनवर व्हिडिओ पाठवले. ते तिनं दोन दिवस पाहिले. "छान आहेत. पण याला काही विचारता येत नाही."

मग आम्ही विचारायला बाहेर पडलो. तालुक्याच्या गावात अशी ठिकाणं किती असणार? बोटांवर मोजायला घ्यावं तर अर्धा हात मोकळाच राहतो.

तालमीत मी एकटाच गेलो. वस्तादांनी चहा पाजला. "सर, तुमच्या घरातल्या आहेत म्हणून सांगतो. मातीत बाई चालत नाही." मी ते घरी येऊन सांगितलं. शालिनी सरकी काढत बसली होती. "मातीत बाई चालत नाही? मग कापूस कोण वेचतं?" म्हणाली, आणि बोंड इतक्या जोरात ओढलं की सरकी लांब उडाली.

मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये शनिवारी कराटेचा क्लास भरायचा. तिथं सगळ्यात उंच मूल तिच्या खांद्याला लागत होतं. ती मागच्या रांगेत उभी राहिली. सर उत्साही होते. "काकू, मन लावून केलंत तर उन्हाळ्यापर्यंत पिवळा पट्टा." क्लास संपल्यावर तिनं त्यांना एकच प्रश्न विचारला. "सर, मी पडले तर?"

"पडायचंच नाही, काकू!"

कुठल्याशा संस्थेनं महिलांसाठी तीन दिवसांचं शिबिर घेतलं. पाहुण्यांनी हातानं कौलं फोडून दाखवली, टाळ्या झाल्या, शेवटच्या दिवशी फोटो निघाले. तिनं तिथंही हात वर केला. "मी पडले तर?" पाहुणे म्हणाले, "ताई, ती वेळ येऊच द्यायची नाही." प्रमाणपत्र मात्र सुंदर अक्षरातलं होतं. ते अजून धान्याच्या कोठीवर आहे, त्यावर चाळणी ठेवलेली असते.

धुळ्याला एक जण शिकवतात असं कळलं. धुळं म्हणजे अमळनेर, पारोळा करत जायचं, परतीला अंधार व्हायचा. तरी तिनं फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, "दहा दिवसांत कुणालाही लोळवाल, गॅरंटी." तिनं फोन ठेवला. "दहा दिवसांत मेथीची जुडीसुद्धा येत नाही."

तोवर मला तिच्या प्रश्नाचा थोडा कंटाळा आला होता, हे कबूल करायला हवं. ज्यानं त्यानं तिला मारायचं कसं ते दाखवलं होतं, आणि ही आपली पडण्यापाशीच अडकलेली. मी म्हणालो, "आता जे आहे त्यातलं एक धरू या. कराटे काय वाईट आहे?"

"वाईट कुठलंच नाही," ती म्हणाली. "पण मी मारायला चुकले नव्हते हो. मी पडले होते."

जळगावला एका शाळेच्या सभागृहात दर रविवारी एक बाई ज्युदो शिकवतात हे आम्हाला मुलीच्या मैत्रिणीकडून कळलं. चोपड्याहून सकाळची पहिली बस, दीड तास. डिसेंबरचा पहिला रविवार होता. बसच्या काचा धुक्यानं भरलेल्या, पुढच्या बाकावर कोणाच्या तरी मांडीवर पातीच्या कांद्याची जुडी. तापीच्या पुलावर सगळं पांढरं झालं होतं, खाली नदी आहे की नाही ते कळत नव्हतं. शालिनीनं खिडकीच्या काचेवर बोटानं एक रेघ ओढली आणि त्या रेघेतून बाहेर पाहत राहिली.

मॅडम पंचावन्नच्या असतील. कापलेले पांढरे केस, गळ्यात शिट्टी, आवाज भाजीवालीसारखा मोकळा. सभागृहात पंधरावीस जणी होत्या, शाळकरी मुलींपासून नातवंडं असलेल्या बायकांपर्यंत. शालिनीनं चपला काढायच्या आधीच विचारलं, "मी पडले तर?"

"पडणारच," मॅडम म्हणाल्या. "पहिले दोन महिने दुसरं काही नाहीच. मागे पडायचं, बाजूला पडायचं, हनुवटी छातीला लावायची, तळहात जमिनीवर मारायचा. समोर दोघं असले, हातात काही असलं, तर पळायचं. त्यात लाज नाही. पण पळायला उठता आलं पाहिजे आणि उठायला नीट पडता आलं पाहिजे. आणि गॅरंटी मी कशाचीच देत नाही. चालेल?"

बाजारात भरताचं वांगं देठाशी दाबून पाहिल्यावर शालिनीचा चेहरा जसा व्हायचा, तसा झाला. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "हेच."

आठवड्यातून एक दिवस पुरणार नव्हता. मॅडमनी सांगितलं, घरी रोज पडा. पण कशावर? तयार मॅट घ्यायची तर मोठ्या शहरातून मागवावी लागणार होती. शालिनी म्हणाली, आपण कापूस पिकवणारी माणसं, आणि मऊ जागा विकत आणायची? तिनं घरातला पहिल्या वेचणीचा, सगळ्यात पांढरा, लांब धाग्याचा कापूस काढला. युसुफभाईंना बोलावलं. त्यांनी तो तीनदा पिंजून अशी गादी भरली की तिच्यावर मांजर बसलं तर दिसेनासं व्हावं. चार गाद्या अंगणात पसरल्या. गल्लीतल्या बायका हात लावून पाहून गेल्या. पोरीच्या लग्नातसुद्धा आम्ही अशा गाद्या दिल्या नव्हत्या.

शालिनी पहिल्यांदा त्यावर पडली ती रुतली. पाय आत, अंग बाहेर, आणि घोटा मुरगळला. आठवडाभर हळद लावून बसली. पुढच्या रविवारी मॅडमना आम्ही गाद्यांचा फोटो दाखवला. त्या हसता हसता भिंतीला टेकल्या. "अहो, हे झोपायला केलंय! जमीन जमिनीसारखी लागली पाहिजे. फक्त हाड मोडू नये एवढंच."

तेव्हा मी युसुफभाईंकडे परत गेलो. त्यांनी कपाळाला हात लावला. "चाळीस वर्षं लोक म्हणतात, युसुफभाई मऊ करा. तुम्ही पहिले, जे म्हणता कडक करा. पाहुण्यांना पळवून लावायचंय का भाऊ?" मग त्यांनी तो सुंदर कापूस जुन्या, बसक्या कापसात मिसळला, पायानं तुडवून तुडवून भरला, वर जाड मांजरपाट चढवला आणि वीतभर अंतर न ठेवता टाके घातले. हात लावला तर तव्यावरच्या भाकरीसारखी कडक. जाताना म्हणाले, "भाभी, कोणी मऊ मागितली तर माझं नाव सांगा. ही कोणी पाहिली तर नका सांगू."

रोज संध्याकाळी पाच वाजता अंगणातून आवाज यायचा. सपक्. थोडं थांबून, सपक्. आमच्या शेतात कामाला येणारी सुमन, पस्तिशीची, तिच्याबरोबर त्याच वाटेनं ये-जा करणारी, पहिल्या दिवशी तोंडावर पदर धरून हसली. चौथ्या दिवशी म्हणाली, "अक्का, माले बी पडू द्या ना." मग दोन आवाज यायला लागले. शालिनीनं जळगावच्या बाजारातून काळी ट्रॅक पँट आणली होती. ती धुऊन मागच्या परसात नाही, पुढच्या अंगणात, रस्त्यावरून दिसेल अशा दोरीवर वाळत घालायची. मी एकदा सुचवलं की आत घालावी. "का? फाटकी आहे?" तिनं विचारलं.

फेब्रुवारीत मॅडमनी मला सभागृहाच्या कोपऱ्यातून बोलावलं. तोवर मी तिथं पुस्तक वाचत बसायचो. "सर, या इकडे. हिला धरायला बाई मिळेल, पण रस्त्यात बाई धरणार नाही. मनगट धरा हिचं." सगळ्या बायकांसमोर मी शालिनीचं मनगट धरलं. तिनं हात काढला. मॅडम म्हणाल्या, "पुस्तक धरल्यासारखं धरताय. मारकुट्यासारखं धरा."

मला ते जमेना. घरी अंगणात ती रोज हात पुढे करायची आणि मी रोज हलकेच धरायचो. तिचं मनगट बारीक होतं, काचेच्या बांगडीची जुनी जखम होती तिथं. मला वाटायचं, मी जोर लावला तर तो दुसरा कोणीतरी माणूस होईन. एका संध्याकाळी ती चिडली. डोळ्यांत पाणी आलं होतं तिच्या. "खरं धरा ना हो. तुम्ही खोटं धरलंत तर मी खोटंच शिकेन. मग तिथं पाटावर मला कोण सांगणार, की हे खरं आहे म्हणून?"

त्या दिवशी मी खरं धरलं. माझी बोटं तिच्या कातडीत रुतली. तिनं पाय रोवले, माझ्या अंगठ्याच्या बाजूनं हात फिरवला आणि ओढून काढला. चार बोटं एका बाजूला असतात, अंगठा एकटा असतो. सुटायचं ते अंगठ्याकडून. मग ती ओरडली. मॅडमनी ओरडणंही शिकवलं होतं. शेवग्यावरचे पोपट उडाले, समोरच्या घराची खिडकी उघडली. तिच्या मनगटावर माझ्या बोटांचे लाल वळ होते. ती ते वळ बघून हसत होती. मी ओट्यावर जाऊन बसलो.

नाना हे सगळं ऐकून होते. एका रविवारी ते मुद्दाम आले आणि म्हणाले, "काय शिकनी ती, पाहू दे." आता पेच आला. जेठ भावजयीचा हात धरणार कसा? शालिनीनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि मला म्हणाली, "त्यासले सांगा, खांदावरलं उपरणं धरा म्हना. दुसरं टोक मी धरस." नानांना ते रीतीत बसणारं वाटलं. सत्तर वर्षांचे असले तरी त्यांनी उपरणं बैल आवरावा तसं धरलं. तिनं ओढलं नाही. ते ओढत होते त्याच बाजूला ती एक पाऊल गेली, जरा वळली, आणि नाना आपल्याच जोरानं दोन पावलं धावत जाऊन गादीवर बसले.

सुमननं तोंडात पदर कोंबला होता. नानांनी टोपी उचलली, झटकली, गादीवर थाप मारून पाहिली.

"गादी भलती कडक शे," ते म्हणाले. मग उठून उपरण्याचं टोक पुन्हा धरलं. "आखो एकदाव."

त्यानंतर बटाईचा विषय निघाला नाही.

तिनं ते शिक्षण कोणावर वापरलं का, असं लोक विचारतात. पुढच्या पावसाळ्यात केळीच्या बागेत ती घसरली, नीट बाजूला पडली, तळहात चिखलात आपटून उठली आणि हसत घरी आली. "वसूल!" म्हणाली. आणखी एकदा पाटाच्या त्याच वळणावर एक मोटारसायकल हळू झाली. ती थांबली, टोपली खाली ठेवली, पाय रोवले आणि पोटातून ओरडली, "काय रे?" गाडी भुर्रकन गेली. ते तेच होते की कोणी वाट विचारायला थांबले होते, देव जाणे. "पाहुणे असतील तर बिचारे," ती म्हणाली आणि त्यांच्यासाठी दोन दिवस हळहळली. पण टोपली खाली ठेवून ती थांबली होती. पळाली नव्हती.

त्यानंतर आजारी पडेपर्यंत ती रोज त्या वाटेनं गेली. पाटाचं ते वळण कोणतं, हे मला आता तिथं गेल्यावर शोधावं लागतं. तिच्या चालण्यातून ते पुसलं गेलं होतं.

तिच्या दहाव्याला एक नातेवाईक बाई माझ्याजवळ बसून म्हणाल्या, "इतली शिकनी, इतली पडापडी करी, काय उपयोग झाया? शेवट आजारनीच नेलं ना." मला तोंडावर बोलायला सुचत नाही, नंतर कागदावर सुचतं. म्हणून आता बोलतो. बाई, तुम्ही उपयोग विचारलात. ती आजाराशी लढायला शिकली नव्हती. ती दोन किलोमीटर वाट चालायला शिकली होती, आणि चालली. पोटातल्या गाठीनं तिला नेलं, पाटावरच्या हसण्यानं नाही. हा फरक ज्याला छोटा वाटतो त्यानं तो छोटा समजावा. मी समजणार नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी, दवाखान्यात, तिनं माझं मनगट धरलं होतं. बराच वेळ. बोटांत ताकद नव्हती, पण पकड बरोबर होती, चार बोटं एका बाजूला, अंगठा दुसऱ्या. मला सुटायचं नव्हतं. मी हात हलवलासुद्धा नाही. मग अंगठा सैल झाला. आधी अंगठाच.

ती गेली त्या आठवड्यापासून गाद्या पडवीत भिंतीला उभ्या आहेत. सुमन तेव्हापासून एकटीच शेतात जाते, मोजकं बोलते, शेतातल्या खोलीच्या कुलपाची किल्ली ओट्यावर ठेवून निघून जाते. अंगणाकडे बघत नाही. मला वाटलं, संपलं. युसुफभाईंना हो म्हणायचं मी जवळजवळ ठरवलंच होतं. तिच्या हातच्या कापसावर निजायला मिळेल, एवढा तरी आधार.

आज रविवार. ऊन कलल्यावर फाटक वाजलं. सुमन होती. तिच्यामागे आणखी तिघी, केळीचे घड वाहून नेणाऱ्या टोळीतल्या, डोक्यावर अजून चुंबळी. सुमननं पायरीवर चपला काढल्या.

"भाऊ, गाद्या कोठे शेतस?"

"त्या उकलायला द्यायच्या आहेत," मी म्हणालो. "पिंजारी आज येतील."

"कोनी सांगं?"

मी पडवीतल्या गाद्यांकडे बोट केलं.

"ह्या तिघी पाटवरूनच जातस," ती म्हणाली. मग माझ्यासाठी शुद्ध बोलायचा प्रयत्न करत, "कालपासून तिथं पोरं उभे राहतात, शिट्ट्या मारतात. ह्या म्हणे, काम सोडतो. मी म्हटलं, अक्काकडे चला. अक्का नही, पण भाऊ शे ना."

"मला शिकवता येत नाही, सुमन. मला फक्त..."

"माले येस ना शिकाडता," ती म्हणाली. "अक्कानं पडनं, सुटनं, बठ्ठं शिकाडेल शे. पन धराले तुम्ही लागतीन."

युसुफभाई वेळेवर आले, दोन दिवस झाले म्हणून. फाटकाशी हातगाडी थांबली. अंगणात गाद्या पसरल्या जात होत्या. त्यांनी एकीवर वाकून टाक्यांवरून बोट फिरवलं. "दोन टाके सुटलेत," ते म्हणाले, आणि हातगाडीवरची सुई-दोरा घेऊन तिथंच उकिडवे बसले. पलंगाच्या गाद्यांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

टाके झाले. सुमन गादीवर उभी राहिली, पाय रोवले, तिघींकडे बघून म्हणाली, "आते पाहा." आणि हात माझ्यापुढे केला. विळ्यानं घट्टे पडलेला तळवा, रुंद मनगट. मी चष्मा काढून ओट्यावर ठेवला. माझी बोटं तिच्या मनगटाभोवती आली आणि सवयीनं हलकी राहिली.

"भाऊ," ती म्हणाली, "खरं धरा."

मी खरं धरलं. तिनं अंगठ्याच्या बाजूनं हात फिरवला, ओढून काढला आणि ओरडली. शेवग्यावरून पोपट उडाले. समोरची खिडकी उघडली.

"परत," मी म्हणालो, आणि पुन्हा हात पुढे केला.